सहभागी क्रमांक चौदा

द्रौपदीबाईंचा फोन आला तेव्हा कल्पिता वाचनालयात बसून सहावा तक्ता तिसऱ्यांदा तपासत होती. दुपारच्या जेवणाआधी आई कधी फोन करत नसे, म्हणून ती पेन तसंच उघडं टाकून जिन्यात गेली.

"मोमेनाला पोलिसांनी नेलंय," आई म्हणाली. "सकाळी गल्लीत आले होते कागद बघायला. सहा जणांना नेलं. पाच जण आले माघारी. ती नाही आली."

"का? आधार आहे तिचं, रेशनकार्ड आहे, गावच्या शाळेचा दाखला आहे. मी स्वतः बघितलंय."

"ते दाखवलं की तिनं सगळं. पण सगळ्यात वर तुझा कागद ठेवला."

"माझा कुठला कागद?"

"तू दिलेला, शिक्क्याचा. साहेबानं बाकीचं सारलं बाजूला अन् तेवढाच धरून बसलाय म्हणं."

कल्पिता पायरीवर बसली. कागद कुठला ते तिला कळलं होतं. तो तिनेच लिहिला होता, अकरा वेळा दुरुस्त केला होता, आणि त्यातलं एकही वाक्य चुकीचं नव्हतं.

तिची पीएचडी पोलीस तपासणीवर होती. देशाची सीमा इथून दोन हजार किलोमीटर लांब, पण ती गोवंडीच्या गल्लीत येऊन दारं कशी ठोठावते, बंगाली बोलणाऱ्या माणसाला आधी संशयित आणि मग गुन्हेगार कसं केलं जातं, हे ती तीन वर्षं बायकांना भेटून लिहून घेत होती. मुलाखतीआधी प्रत्येकीला एक माहितीपत्र द्यायचं, हा संस्थेचा नियम होता. बहुतेक अभ्यासक ते घाईघाईने वाचून दाखवत आणि सही घेत. कल्पिताने तसं केलं नाही. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला बंगाली असं पत्र तिने छापून घेतलं. बंगाली भाषांतर दुसऱ्याच माणसाकडून पुन्हा मराठीत करून घेतलं आणि दोन्ही ताडून पाहिलं. संस्थेचा गोल शिक्का मारला. आणि प्रत्येक पत्राच्या कोपऱ्यात क्रमांक टाकला, कारण नाव कुठेच दिसायला नको होतं. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत पाच वर्षं काढल्यामुळे ती सवय तिच्या हाडात भिनली होती. बाटली लहान असो की मोठी, तिच्यावर क्रमांक हवा.

एक गोष्ट मात्र तिच्या हिशोबात आली नव्हती, आणि कल्पिता स्वतः त्याच गल्लीत वाढलेली होती. त्या गल्लीत शिक्क्याचा कागद पेटीत जाण्याआधी चंदूच्या दुकानात जातो. पत्र्यातून पाणी गळतं, घुशी फिरतात, देवनारच्या कचऱ्याच्या डोंगरावरून येणाऱ्या दमट वाऱ्याने शाई पसरते. चंदू झेरॉक्स काढतो आणि लॅमिनेशन करून देतो. वीज बिल, लसीचं कार्ड, पोराचं तिसरीचं प्रगतिपुस्तक, सगळं प्लास्टिकमध्ये. लोकांना जपायचे ते कागद चंदूकडे गेले, तेव्हा कल्पिताची माहितीपत्रंही गेली.

मोमेना एकोणीस वर्षांपूर्वी मुर्शिदाबादहून आली. भंगारातलं प्लास्टिक निवडायचं काम करते. नवरा वारला, मुलगी लग्न होऊन गावाकडे गेली. ती मुलगी लहान असताना अंगणवाडीत द्रौपदीबाईंच्या हातची खिचडी खायची. द्रौपदीबाई तिथे मदतनीस होत्या. तेव्हापासून दोघींचं इतकं जमलं होतं की कल्पिता घरी आली की कधीकधी आईच्या खाटेवर मोमेनाच लवंडलेली सापडे, आणि आई खाली बसून लसूण सोलत असे.

कल्पिता पोलीस ठाण्यात पोचली तेव्हा अडीच वाजले होते. फौजदारांनी तिला बसायला सांगितलं. पाणीही दिलं. माणूस थकलेला होता, उद्धट नव्हता, आणि कल्पिताला तेच अवघड गेलं.

"हे तुम्ही लिहिलंय?" त्यांनी प्लास्टिकमधला कागद टेबलावरून तिच्याकडे सरकवला.

"हो."

"वाचा वरची ओळ."

तिने वाचली. 'सीमा-नियंत्रण, पोलीस आणि संशयित परदेशी नागरिक: पूर्व उपनगरांतील स्थलांतरितांच्या गुन्हेगारीकरणाचा अभ्यास.'

"संशयित परदेशी नागरिक," फौजदार म्हणाले. "मी नाही म्हणत मॅडम, तुमची संस्था म्हणते. शिक्का आहे. मागे सगळं बंगालीत. आणि इथे बघा, सहभागी क्रमांक चौदा. कशात सहभागी?"

"अभ्यासात, सर. मुलाखत दिली म्हणजे सहभागी. ज्यांच्यावर संशय घेतला जातो त्यांचा अभ्यास आहे. त्या संशयित आहेत असं मी म्हणत नाही. लोक म्हणतात, आणि त्याचं काय होतं ते मी बघते."

"ते पुस्तकात बरं वाटतं. माझ्या फायलीत हा कागद लागलाय. उद्या वरचे साहेब विचारतील, संस्थेनेच संशयित लिहिलेली बाई तू सोडलीस कशी? काय सांगू?" ते पुढे वाकले. "आणि चौदा नंबर इथे आहे. मग आधीचे तेरा कुठायत?"

कल्पिताने हात मांडीवर घट्ट धरले. "ते मी सांगू शकत नाही. तसा लेखी शब्द दिलाय मी."

"मग मला पण हिला सोडता येत नाही. सहा वाजता गाडी येईल. ज्यांची गावाकडून पडताळणी बाकी आहे, त्यांना एका ठिकाणी ठेवायचंय. तिथून पुढे माझ्या हातात काही राहत नाही. तुम्ही यादी द्या, मी बघतो काय करता येतं ते. विचार करा. बाहेर बसलीये ती, बोला हवं तर."

मोमेना व्हरांड्यातल्या बाकावर बसली होती. चपला बाकाखाली नीट जोडून ठेवलेल्या. कल्पिताला पाहून तिने सरकून जागा केली, जशी ती द्रौपदीबाईंच्या खाटेवर करायची.

"जेवलीस का?" मोमेनानेच विचारलं.

"तू?"

"चाय दिली. बिस्कूट पण दिलं त्या पोलीसबाईनं. चेतना नाव तिचं. चांगली आहे."

कल्पिता तिच्या शेजारी बसली. "तो कागद का दाखवलास गं? आधार होतं, दाखला होता. तो तर ओळखपत्र पण नाही. शिक्का बघून दाखवलास ना?"

"शिक्क्यासाठी नाही दीदी." मोमेना नवल वाटल्यासारखी तिच्याकडे बघत राहिली. "शिक्के लई आहेत माझ्याकडे. त्यात लिहिलंय म्हणून दाखवला."

"काय लिहिलंय?"

"तूच लिहिलंय ना? तिसऱ्या नंबरला. कुठलाही सवाल नको वाटला तर जवाब देऊ नका. मध्येच उठून गेलात तरी चालेल. कारण सांगायची गरज नाही. तुमचं काही नुकसान होणार नाही." ती बंगालीतल्या ओळी मराठीत करत सावकाश बोलत होती, एकेक बोट दुमडत. "एकोणीस साल झाले मुंबईत. माझ्या भाषेतला हा पहिला कागद. चौथीपर्यंत शिकले मी, स्वतः वाचला. राशनवाला विचारतो, अस्पतालवाले विचारतात, खोलीवाला विचारतो, पोलीस विचारतात. बाप कुठे जन्मला, त्याचा बाप कुठे जन्मला. कुणी लिहून दिलं नव्हतं की नको असेल तर नको सांगू. आज सकाळी तीन तास विचारलं. आई कधी मेली, मेली तेव्हा तू कुठे होतीस. मी गेले नव्हते दीदी, आई मेली तेव्हा. पैसे नव्हते. ते मला नव्हतं सांगायचं. मग मी तो कागद काढला, आणि तीन नंबरवर बोट ठेवलं."

"मग?"

"साहेबानं उलटा केला. मराठी वाचलं. मग तो पण चूप झाला." ती किंचित हसली. "मला वाटलं, लागू झाला कागद."

तिसरा मुद्दा कल्पिताने संस्थेच्या नमुन्यातून जसाच्या तसा उतरवला होता. अकरा दुरुस्त्यांत त्याला हातही लागला नव्हता, कारण तो सगळ्याच पत्रांत असतो आणि कुणी वाचत नाही.

तिने गाईड मॅडमना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "यादी द्यायची नाही, हे तुला मी सांगायला नको," त्या म्हणाल्या. "संस्थेचं पत्र मी पाठवते, पण आज शनिवार. सोमवारशिवाय सही मिळणार नाही."

"सहाला गाडी आहे, मॅडम."

"माहितीय गं," मॅडम हळूच म्हणाल्या.

चार वाजले. कल्पिताने फोनवर आईला सगळं सांगितलं, मग दोन फुलस्केप कागद मागून घेतले आणि लिहायला बसली. संशयित हा शब्द या बाईविषयी नाही, तो अभ्यासाच्या विषयाचा भाग आहे, तो मी निवडला आहे आणि त्याची जबाबदारी माझी आहे. क्रमांक म्हणजे मुलाखतींचा क्रम, आरोपींची यादी नव्हे. तिचं अक्षर नेहमीसारखं सरळ होतं. फौजदारांनी दोन्ही पानं वाचली, टाचणी लावली आणि म्हणाले, "ठेवतो. पण हे तुमचं म्हणणं झालं. क्रमांक तर तसाच आहे ना?"

पाचला दहा कमी असताना द्रौपदीबाई आल्या. एका हातात डबा, दुसऱ्या हातात पिशवी. त्या व्हरांड्यात थांबल्याच नाहीत. मोमेनाच्या मांडीवर डबा ठेवला, "आधी खा," म्हणाल्या आणि सरळ आत गेल्या. कल्पिता मागोमाग धावली.

"जयभीम साहेब."

फौजदारांनी वर पाहिलं. "कोण तुम्ही?"

द्रौपदीबाईंनी पिशवीतून एक लॅमिनेशन केलेला कागद काढला, पदराने पुसला आणि टेबलावर ठेवला. "तुम्ही नंबर शोधायलात म्हणं. एक नंबर मी."

कल्पिताला धरणी दुभंगावी असं वाटलं. "आई!"

फौजदारांनी कागद उचलला. तीच वरची ओळ, तोच शिक्का, मागे तीच बंगाली अक्षरं. कोपऱ्यात 'सहभागी क्रमांक १'. प्लास्टिकवर भाकरीच्या पिठाचे पांढरे डाग होते.

"हे काय लागलंय?"

"पीठ. डब्याचं झाकण हरवलंय, त्याच्यावर ठेवते मी हे. मजबूत आहे." त्या खुर्ची ओढून बसल्या. "विचारा काय विचारायचं ते."

"नाव?"

"द्रौपदी खिल्लारे. अंगणवाडीत होते, सव्वीस वर्षं. तुमच्या अंबादास हवालदाराची दोन्ही लेकरं मपल्याच हातची खिचडी खाऊन मोठी झालीत, विचारा त्याला. थोरला लई रडका होता."

दारात उभ्या चेतनाने तोंड फिरवून हसू लपवलं.

"गाव?"

"जिंतूरकडचं. परभणी जिल्हा. सीमा म्हणाल तर हिंगोलीची लागते आम्हाला."

फौजदारांनी कपाळाला हात लावला. "मावशी, तुम्ही या अभ्यासात कशा?"

"ही माझी लेक." द्रौपदीबाईंनी कल्पिताकडे न बघताच बोट केलं. "परश्न बरोबर आहेत का बघायला आधी मलाच विचारले तिनं. मुंबईला का आलात, आल्यावर कुणी कागद मागितले का, कुणी हाकलून दिलं का. म्हटलं, माय, तीनदा झोपडी मोडली आमची. दरवेळी साहेब विचारायचे, पुरावा काय? राहात होतो हाच पुरावा, अन् तोच त्यांनी मोडलेला. मी बोलले ते सगळं लिहून घेतलं अन् हा कागद दिला. आता मी पण संशयित, तर मोमेनाबरोबर गाडीत मला पण घाला. गावाकडं पत्र पाठवा. तेवढीच सरपंचाला माझी आठवण येईल."

फौजदारांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. एक आणि चौदा. परभणीच्या बाईच्या कागदावरही 'संशयित' होतं; वरच्या साहेबांना सांगायला आता उत्तर होतं. मग क्रमांक एक उचलून द्रौपदीबाईंना परत दिला.

"पडताळणी होणारच मावशी. ती मला थांबवता येत नाही. मुर्शिदाबादहून उत्तर येईपर्यंत दर सोमवारी हजेरी. गाडीत नाही घालत. हमी कोण देणार?"

"मी देते."

"ती पळाली तर तुम्हाला आणीन."

"ती कुठं पळती? जिना चढताना गुडघे धरती."

सही करायला द्रौपदीबाईंना वेळ लागला. त्या अक्षर अक्षर जोडून सही करत. फौजदार थांबले. चौदा क्रमांकाचा कागद मात्र त्यांनी फायलीत ठेवला. "तो राहील," एवढंच म्हणाले.

बाहेर रिक्षा शोधताना कल्पिता आईजवळ सरकून हळू आवाजात म्हणाली, "आई, तू असा तुझा क्रमांक सांगायला नको होतंस. मी कुणालाच सांगणार नाही असं वचन दिलं होतं."

"तू दिलंयस ना? तू पाळ," द्रौपदीबाई म्हणाल्या. "मी कुठं दिलंय कुणाला?"

पुढच्या आठवड्यात कल्पिताने नवं माहितीपत्र केलं. वरची ओळ काढली. त्या जागी 'पूर्व उपनगरांतील बायकांचे अनुभव' एवढंच लिहिलं. क्रमांक पत्रावर टाकलाच नाही, आपल्या वहीत ठेवला. मग दारोदार जाऊन जुनी पत्रं परत मागितली. सव्वीसपैकी एकोणीस मिळाली. चौघींनी नवं घेतलं आणि जुनंही दिलं नाही. दोघी म्हणाल्या सापडत नाही, आणि सापडत नाही म्हणताना पेटीवर बसून राहिल्या. उरलेलं एक, मोमेनाचं, फायलीत होतं. चंदूने नव्या पत्रांचं लॅमिनेशन करताना तिला विचारलं, "ताई, ह्याच्यावरची ओळ आता सेफ आहे ना?" ती म्हणाली, "मला वाटतं आहे." पूर्वी ती असं उत्तर देत नसे. हो किंवा नाही म्हणत असे.

गाईड मॅडमना तिने घडलेलं सांगितलं तेव्हा त्या उत्साहाने म्हणाल्या, "कल्पिता, हा तुझा सगळ्यात महत्त्वाचा निष्कर्ष आहे. आपण स्थलांतरितांना गुन्हेगार ठरवणाऱ्या यंत्रणेचा अभ्यास करतो आणि आपलाच कागद त्या यंत्रणेचा भाग होतो. यावर स्वतंत्र प्रकरण हवं." ते खरं होतं. कल्पिताला ते लिहावंसं वाटलं नाही. ती मोमेनाकडे गेली आणि म्हणाली, "तुझी मुलाखत मी काढून टाकू शकते. तो तुझा हक्क आहे."

मोमेना बाटल्यांची झाकणं निवडत होती. निळी एका गोणीत, पांढरी दुसऱ्या. "काढलीस तर मी बोलले ते कुठे जाईल?"

"कुठेच नाही. राहणार नाही."

"मग राहू दे. पण आईचं नको लिहू. ते मी तुला बाकावर सांगितलं, मुलाखतीत नाही."

कल्पिताने ते लिहिलं नाही.

सोमवार आला की द्रौपदीबाई सकाळी लवकर भाकरी उरकत आणि मोमेनासोबत निघत. पहिल्या सोमवारी उत्तर नव्हतं. दुसऱ्या सोमवारीही नव्हतं. तिसऱ्या सोमवारी फौजदार सुट्टीवर होते आणि चेतनाने दोघींना चहा पाजून हजेरी घेतली. मोमेना हसून बोलायची, कामाला जायची, पण तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती. पहाटे दार वाजेल म्हणून ती चपला उशाशी ठेवून पडायची. गल्लीतून कुत्रं धावलं तरी उठून बसायची. हे तिने कुणाला सांगितलं नाही. दोघींच्या खोल्यांमधली भिंत एकच असल्यामुळे द्रौपदीबाईंना ऐकू यायचं.

चौथ्या सोमवारी कल्पिताही सोबत गेली. फौजदारांनी फाईल उघडली, एक पान उलटलं आणि म्हणाले, "आलं उत्तर. शाळेच्या रजिस्टरमध्ये नाव आहे. बापाचं पण आहे. जुळतंय." त्यांनी शिक्का मारला. "आता यायचं नाही."

"कधीच नाही?" मोमेनाने विचारलं.

"या केसमध्ये नाही," ते म्हणाले. खोटं बोलले नाहीत, हे कल्पिताच्या ध्यानात आलं.

तिघी बाहेर आल्या. द्रौपदीबाईंना वाटलं होतं मोमेना रडेल, म्हणून त्यांनी पदर हाताशी धरला होता. मोमेना रडली नाही. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "झोप येतेय मला."

"झोप की मग."

"माझ्या खोलीचा पत्रा तापतो दुपारी."

"माझा कुठं थंड असतो? पण पंखा आहे. चल."

घरी आल्या आल्या ती खाटेवर आडवी झाली. चपला तिने दाराबाहेरच काढल्या होत्या. एक सरळ पडली होती आणि एक उलटी. दोन मिनिटांत तिचा श्वास लांब आणि जड झाला. तोंड थोडं उघडं, एक हात खाटेखाली लोंबलेला. कल्पिताने लॅपटॉप उघडला, चार शब्द लिहिले आणि बटणांची टकटक ऐकून बंद केला.

द्रौपदीबाईंनी कुकरमध्ये डाळ लावली होती. त्यांनी शेगडी पेटवली, खाटेकडे पाहिलं आणि पुन्हा विझवली. कुकरचं झाकण काढून डाळ पातेल्यात ओतली.

"अशी तर तासभर लागेल शिजायला," कल्पिता कुजबुजली.

"लागू दे," द्रौपदीबाई म्हणाल्या. "शिट्टी नको आज."